उजवा खांदा

ग्वाल्हेर, बिर्लानगर
१५ ऑक्टोबर २०२४

चि. सौरव,

‘आता फोन करू नकोस ताई, काही असेल तर लिहून कळव,’ असं म्हणून तू फोन आपटलास, त्याला तीन आठवडे झाले. मग घे, लिहिते. पंचवीस वर्षं शाळेत शिट्टी वाजवून पोरींना पळवलं, लिहायचं काम कधी पडलं नाही. अक्षराला हसशील तर बघ. तुझ्या शिखालाही हसू देऊ नकोस.

दसरा पार पडला. आबा बरे आहेत. त्यांच्या छातीतल्या पेसमेकरची बॅटरी संपली म्हणून अठरा सप्टेंबरला डबी बदलली, ते तुला सांगितलंच होतं. हृदयात गेलेल्या तारा दहा वर्षांच्या जुन्या, त्या तशाच ठेवल्या आणि नवी डबी त्यांनाच जोडली. आबा डावखोरे, म्हणून त्यांची डबी पहिल्यापासून उजव्या खांद्याखाली. टाके छान सुकले. डॉक्टर गरिमांनी कागद लिहून दिलाय, तो मी फ्रिजवर चिकटवलाय. सहा आठवडे त्या खांद्यावर ओझं नको, घट्ट कपडा नको, घासेल असं काही नको.

आता तू विचारशील, मग यंदा तलवारीचा पट्टा घातला कोणी? आबांनीच.

लगेच भडकू नकोस. दसऱ्याला पट्टा खुंटीवर राहिलेला या घराने कधी पाहिलेला नाही. सकाळी शस्त्रांची पूजा झाली की घरातल्या कर्त्याने तो उजव्या खांद्यावरून घ्यायचा, कंपूच्या टेकडीवरच्या मातेला पायी चढून जायचं, शमीचं सोनं घेऊन घरी यायचं, आणि तोवर तो उतरवायचा नाही. तू उतरवलास. तीन वर्षांपूर्वी, कचोरीच्या दुकानासमोर, स्कूटरच्या हँडलला तलवार लटकवून फोनवर हसत बसलास. आबांनी भर बाजारात तुझ्या थोबाडीत दिली आणि तू थेट अंदमानात बोटीच्या नोकरीवर जाऊन बसलास. बाप तसा बेटा. दोघांनाही माघार म्हणून माहीत नाही. त्यानंतर पट्टा आबाच घालत आलेत.

मी यंदा सगळी तयारी केली होती. पट्ट्याला आठ दिवस आधीपासून तेल दिलं, पितळी बक्कल चिंचेने घासलं. स्वतः नऊवारी नेसून उभी होते. पूजा झाल्यावर आबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग काहीतरी पुटपुटले आणि स्वतःच पट्टा गळ्यातून घातला. मी फ्रिजकडे बोट दाखवलं. त्यांनी ऐकलं नाही. दहापासून संध्याकाळी सहापर्यंत तो खांद्यावर होता.

खांदा जरा लाल झालाय. हळद आणि रक्तचंदनाचा लेप लावतेय. उतरेल.

आणि हे बघ, ‘दसऱ्याला येऊ का’ म्हणून तू विचारलंस आणि आबा ‘नको’ म्हणाले, ते इतकं मनाला लावून घेऊ नकोस. तुमचं दोघांचं बोलणं लहानपणापासून माझ्यामार्फतच. ‘आबांना विचार, पिक्चरला जाऊ का?’ ‘त्याला सांग, केस काप आधी.’ मी बापडी मधली टपालवाली.

तुझी,
मंदाताई


बिर्लानगर
३ नोव्हेंबर

चि. सौरव,

दिवाळीचे दोन दिवस कसेबसे ढकलले. यंदा फक्त चकल्या केल्या. त्याही आबांनी एक मोडून ठेवून दिली.

खरं सांगते, खांदा उतरला नाही. लिंबाएवढी सूज आली, वरची कातडी निळसर आणि पातळ झाली, हात लावला की चटका बसतो. लेपाने ओढून घेईल असं वाटलं होतं. आईच्या वेळी गळवाला हाच लेप लावायचो आणि तिसऱ्या दिवशी बसायचं, आठवतं ना? हे काही बसेना. मग चौकातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सुई घालून थोडा पू काढला, पाच दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. सूज बसली. मी देवापुढे साखर ठेवली. आठव्या दिवशी सूज पहिल्यापेक्षा मोठी. त्यांनी पुन्हा कॅप्सूल लिहून दिल्या.

तू म्हणशील, डॉक्टर गरिमांकडे का नाही गेलीस? जाईन रे. पण ती पोरगी मोठी चौकस आहे. कागद वाचला होता का, घासलं कशाने, का घातलं, कोणी घालू दिलं. मला सगळ्यांसमोर शाळेतल्या पोरीसारखं उभं करेल. बघू, या कॅप्सूल संपू देत.

आबांना संध्याकाळी थंडी वाजते. दोन गोधड्या घालून बसतात आणि पोस्टमन येऊन गेला का म्हणून विचारतात. पेन्शनचे कागद यायचे असतील.

शिखाला आशीर्वाद. तू बोटीवर कानटोपी घालत जा.

मंदाताई


कंपू, अस्पतालातून
१८ नोव्हेंबर

सौरव,

तुझं पत्र परवा मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन हवेच्या. तरी जपून ठेवलंय.

तेरा तारखेला आबांना आंघोळ घालताना सुजेवर मोहरीएवढं भोक दिसलं. आधी वाटलं पू असेल. कापसाने टिपलं तर आत काहीतरी चकाकलं. सौरव, ती डबी होती. माझ्या हातातला तांब्या खाली पडला. आबांनीच मला विचारलं, ‘काय गं, काय दिसलं?’ मी म्हटलं, काही नाही, साबण.

अर्ध्या तासात ऑटो करून इथे आणलं. गरिमाने आधी हातमोजे चढवले. सगळं बघून झाल्यावर मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, ‘‘आंटी, ये फोड़ा नहीं है. जो आपको ऊपर दिख रहा है, वो तारों के साथ-साथ दिल तक उतर गया है. दवाई से दबेगा, जाएगा नहीं. डिब्बी, तार, सब निकालना पड़ेगा. और इसमें सुई किसने डाली?’’ मी चौकातल्या डॉक्टरचं सांगितलं. लेपाचं तर सांगितलंच नाही.

म्हटलं, डबी काढा, तारा राहू देत, म्हातारा माणूस आहे. तर तिने मला समजावून सांगितलं. जंतू त्या धातूला आणि तारांच्या आवरणाला धरून बसतात, रक्तातली दवा तिथवर नीट पोचत नाही. एक तुकडा आत राहिला तरी तिथून पुन्हा सुरू होतं. रक्त तपासलं, त्यातही जंतू निघाले. आणि तारा दहा वर्षांच्या. त्या शिरेला आणि हृदयाला आतून चिकटल्या आहेत, ओढताना हृदय फाटू शकतं. त्यासाठी दिल्लीहून हेच काम करणारे डॉक्टर येणार आहेत, छाती उघडायची वेळ आलीच तर म्हणून सर्जन शेजारी उभे राहणार. आबांचं हृदय आपणहून मिनिटाला तीस ठोक्यांच्या वर चालत नाही, म्हणून तोवर मानेतून एक तार घालून मशीन बाहेर ठेवायचं. मग रक्त साफ झालं की नवी डबी डाव्या बाजूला. दवा सुईतून, सहा आठवडे.

तू लिहिलंस, ‘येऊ का? आबांना विचारून सांग.’

नको येऊस. आयसीयूत कोणाला भेटू देत नाहीत. तिकडून येणं म्हणजे दोन विमानं आणि वर गाडी, आणि आबांना या दिवसांत राग, त्रास, काही नको असं डॉक्टर सांगतात. सगळं झालं की संक्रांतीला ये. तेव्हा ते बसते झालेले असतील.

मी आहे इथे. काळजी करू नकोस.

ताई


कंपू
२७ नोव्हेंबर

चि. सौरव,

झालं! सगळं निघालं! पंचवीसला साडेतीन तास लागले. मी बाहेर बाकावर बसून हाताच्या बोटांवर रामरक्षा मोजत होते, तेरावी चालली होती तेव्हा गरिमा मास्क खाली करून हसत आली. दोन्ही तारा अख्ख्या निघाल्या, काही फाटलं नाही. मी तिला मिठीच मारली. वॉर्डातल्या सोनिका सिस्टरने मला बाजूला केलं, ‘आंटी जी, उनको छोड़िए, अभी और मरीज़ हैं.’

आबा आता वॉर्डात आहेत. मानेला चिकटवलेलं मशीन लुकलुक दिवा लावतं, त्याला ते ‘जावई’ म्हणतात, कारण सगळे त्याची विचारपूस करतात. काल चहा मागितला. बिनसाखरेचा दिला तर म्हणाले, हा चहा कोणाच्या शत्रूला दे.

आज एक गोष्ट झाली, ती तुला लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. सकाळी आबा म्हणाले, ‘‘पट्टा घेऊन ये.’’ मला वाटलं ताप चढला. पण त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणून घरी जाऊन तलवार काढून ठेवली आणि नुसता पट्टा पिशवीत घालून आणला. सोनिकाने दारातच अडवलं, ‘ये चमड़ा अंदर नहीं जाएगा, इन्फेक्शन का मरीज़ है.’ मग आबांनीच हात जोडले तिला. आबांनी! ती पाघळली, मला पलंगापासून चार हात लांब उभं केलं आणि म्हणाली, दोन मिनिट.

आबा म्हणाले, ‘‘घाल.’’ मी घातला. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला. पंचावन्न वर्षांची बाई, सलवार-कमीजवर चामडी पट्टा, शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला बघायला. आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘सैल होतोय तुला. बक्कलासाठी आणखी एक घर पाडून घे मोच्याकडून.’’

बस, इतकंच. जन्मभर तो पट्टा मी पुसला, मी तेल दिलं, मी बक्कल घासलं. घालायला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

घर पाडून आणलंय.

मंदाताई


बिर्लानगर
२४ डिसेंबर

सौरव,

तुला स्टेशनवर सोडून आले त्याला सहा दिवस झाले. आता घरात मी आणि आबांची काठी.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, कुठेतरी बस. शिखाला जवळ बसव.

चार तारखेला पहाटे आबा गेले, ते तुला कळलंच. डॉक्टर गरिमांनी तुलाही समजावलं, की तारा निघाल्या होत्या, पण जंतू तोवर हृदयाच्या झडपेवर घर करून बसले होते, मग मूत्रपिंडं थकली. त्यांनी आणि सोनिकाने जीव तोडून केलं. त्यांच्याकडून काही कमी पडलं नाही. तू येऊन पोचेस्तोवर मी अग्नी दिला होता.

तू तेरा दिवस राहिलास. त्या तेरा दिवसांत तू मला निदान दहा वेळा म्हणालास, ‘‘ताई, मैं तो आना चाहता था. आबाच नको म्हणाले, मी काय करणार?’’ दर वेळी मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि जाताना तू पट्टा खुंटीवरून काढून माझ्या हातात दिलास. ‘‘तूच ठेव. सगळं तूच केलंस.’’

हो रे, सगळं मीच केलं.

आबा ‘नको’ म्हणाले नव्हते.

डबी बदलून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी फ्रिजवरचा कागद वाचून आबा म्हणाले होते, ‘‘यंदा मला पट्टा घालता यायचा नाही. सौरवला बोलव. म्हणावं, झालं गेलं विसर. दसऱ्याला ये.’’ शब्द न् शब्द असेच होते. आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, ‘‘ताई, आबांना विचार ना, दसऱ्याला येऊ का?’’

कळतंय का तुला? तीन वर्षं दोघंही तोंड फिरवून बसलात आणि एकाच दिवशी दोघांनाही पाझर फुटला. मी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. तुला एकदा, त्यांना एकदा.

मी तुला सांगितलं, आबा नको म्हणतात. त्यांना सांगितलं, सौरवला फुरसत नाही म्हणतो. तुम्ही दोघांनी लगेच खरं मानलं. का नाही मानणार? जन्मभर मीच तर निरोप पोचवत आले.

का केलं, ते ऐक. तू नाही, आबा नाहीत, म्हणजे पट्टा माझ्या खांद्यावर येणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू तो हँडलला टांगलास, तेव्हा माझ्याच कानाखाली बसल्यासारखं झालं होतं मला. म्हटलं, ज्याला किंमत नाही त्याला का? एकदा मला का नाही? एकच दसरा. पुढच्या वर्षी तुला बोलावणारच होते, देवाशपथ. म्हणून नऊवारी नेसून उभी होते मी त्या दिवशी.

आणि आबा पुटपुटले म्हणून लिहिलं होतं ना तुला? ते पुटपुटले नव्हते. मोठ्याने म्हणाले होते, ‘‘पोराला फुरसत नाही, तर बापाचा खांदा अजून आहे.’’ आणि चोवीस दिवसांच्या जखमेवर तो पट्टा चढवला. तेव्हाही सांगता आलं असतं मला. ‘आबा, थांबा, तो येतो म्हणाला होता.’ एवढं एक वाक्य. टेकडी चढताना ते दोनदा थांबले, खांद्याखाली हात घातला, पट्टा जरा उचलून धरला. मी मागेच होते, सोन्यासाठीची पिशवी घेऊन.

पुढचं सगळं त्यातूनच आलं. गरिमाकडे पहिल्या आठवड्यात नेलं नाही, कारण ती ‘पट्टा का घातला’ विचारणार आणि आबा उत्तर देणार, ‘पोरगा आला नाही.’ मग कोणीतरी तुला विचारणार. म्हणून लेप, म्हणून चौकातला डॉक्टर, म्हणून कॅप्सूल. मी गरिमाला नंतर एकदा विचारलं, लाल झाला त्याच आठवड्यात आणलं असतं तर? ती म्हणाली, ‘‘आंटी, अभी वो मत सोचिए.’’ मी दुसरं काय करते आता दिवसभर.

अस्पतालात भेटू देत नाहीत असं लिहिलं, तेही खोटं. आयसीयूतसुद्धा रोज चार ते सहा भेटू देत होते. तू आला असतास तर खाटेशी बसून म्हणाला असतास, ‘आबा, तुम्हीच तर नको म्हणालात.’ आणि माझं पितळ उघडं पडलं असतं. त्या भीतीपायी मी तुला दुसऱ्यांदा अडवलं. पहिल्यांदा हावेने, दुसऱ्यांदा भीतीने. आबा पोस्टमनची वाट बघायचे ती पेन्शनसाठी नव्हे. तुझ्या चार ओळी मी त्यांना दाखवल्याही नाहीत.

आता शेवटचं. हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. पट्टा घालून मी वॉर्डात उभी होते त्या दिवशीचं मी तुला अर्धंच लिहिलं. घालण्याआधी आबांनी मला विचारलं होतं, ‘‘मंदे, नीट आठवून सांग. सौरव येत नाही असंच म्हणाला ना? का ‘बघतो’ म्हणाला?’’

त्यांना ‘बघतो’ एवढंही पुरलं असतं रे. ते डोळे माझ्यावर लावून थांबले होते. आणि पट्टा माझ्या हातात होता.

मी म्हटलं, ‘‘नाहीच म्हणाला, आबा.’’

ते म्हणाले, ‘‘मग घाल.’’

सातव्या दिवशी ते गेले. मुलाने आपल्याला टाकलं असं समजून गेले. आणि तू तिकडे बापाने टाकलं असं समजून जगतोयस. तुमच्यापैकी कोणीच कोणाला टाकलं नव्हतं, सौरव. मध्ये मी उभी होते.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि द्यायला आबा नाहीत. तू बोलणं टाकलंस, नाव टाकलंस, तरी मी काही म्हणणार नाही. फक्त हे तुला माहीत असावं, की त्यांनी तुला बोलावलं होतं. ‘झालं गेलं विसर’ हे त्यांचे शब्द आहेत, ते तुझे आहेत, मी तीन महिने दाबून ठेवले होते.

पट्टा मोच्याकडे परत नेला होता. नवं घर बुजवून दे म्हटलं. तो म्हणाला, ‘बहनजी, चमड़े का छेद भरता नहीं है.’ तेव्हा ते तसंच राहील. मी आता तो अंगाला लावणार नाही. तुला घालायचा तर घाल, नाही तर स्कूटरच्या हँडलला टांग, मी बघणार नाही.

पुढचा दसरा दोन ऑक्टोबरला आहे. दार उघडं असेल. तुला यावंसं वाटलं तर ये. पण येऊ का, असं मला विचारू नकोस.

मंदा